स्वभावाला औषध नाही?

स्वभावाला औषध नाही, असे आपण किती सहज म्हणून जातो! त्याहून कडक म्हणही आपल्याकडे आहे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. दोन्ही म्हणी मी आयुष्यात पुष्कळदा ऐकल्या, पण मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करू लागल्यावर त्या ज्या तोंडून ऐकल्या, तेव्हापासून त्या मला बोचू लागल्या. समोर आई-वडील बसलेले असतात. मुलगा किंवा मुलगी वीस-बावीस वर्षांची. वेड लागलेले नसते, भास होत नसतात, परीक्षेत गुणही बरे पडलेले असतात. पण घरात वस्तू फेकल्या जातात, एक नोकरी तीन महिने टिकत नाही, आज जिवाभावाचा असलेला मित्र उद्या वैरी होतो आणि रागाच्या भरात हातावर ब्लेड फिरते. वडील गप्प असतात. आई मात्र विचारते, डॉक्टर, हा आजार आहे की स्वभाव? आजार असेल तर औषध द्या. स्वभाव असेल तर आम्ही जन्मभर हेच बघायचे का?

या प्रश्नाला आज बऱ्यापैकी खात्रीने देता येईल असे उत्तर आहे. ते उत्तर देताना मला दरवेळी एका जर्मन डॉक्टरची आठवण होते. हे उत्तर शोधायची रीत त्याने घालून दिली आणि गंमत म्हणजे स्वतः तो मात्र या एका प्रश्नापाशी चुकला. त्याचे नाव एमिल क्रेपेलिन. आज जगातला कोणताही मनोविकारतज्ज्ञ रोगाला जे नाव देतो, त्या नावामागे कुठेतरी हा माणूस उभा असतो. त्याच्या समकालीन फ्रॉइडचे नाव घराघरात पोचले, याचे नाव वैद्यकाच्या पुस्तकांबाहेर फारसे आले नाही. म्हणून त्याची ही ओळख.

१८५६ हे साल मोठे भाग्याचे म्हणायला हवे. आपल्याकडे त्या एका वर्षात, त्यातही एका जुलै महिन्यात, आगरकर आणि लोकमान्य टिळक जन्मले. त्याच वर्षी मे महिन्यात फ्रॉइडचा जन्म झाला आणि १५ फेब्रुवारीला उत्तर जर्मनीतल्या नॉयस्ट्रेलिट्झ या लहानशा गावात क्रेपेलिनचा. वडील नट आणि गायक. भूमिका करण्यात आणि जाहीर वाचने करण्यात रमणारे. घरात कला होती, पण मुलाला ओढ लागली ती शास्त्राची. त्याला कारण थोरला भाऊ कार्ल. हा कार्ल पुढे प्राणिशास्त्रज्ञ झाला, हॅम्बुर्गच्या निसर्गेतिहास वस्तुसंग्रहालयाचा संचालक झाला. पाने, किडे, कोळी यांची जातवारी लावणाऱ्या भावाच्या मागे फिरताना धाकट्याच्या मनात वर्गवारीची आवड रुजली असावी, असे मला नेहमी वाटते. भावाने कीटकांची जातवारी लावली, याने माणसांच्या दुःखांची.

वैद्यकीचे शिक्षण लाइपझिग आणि वुर्ट्सबुर्ग येथे झाले. लाइपझिगला त्याला विल्हेल्म वुंट भेटला. मन मोजता येते, प्रयोगशाळेत तपासता येते, असे सांगणारा हा गुरू. क्रेपेलिन त्याच्यावर इतका लुब्ध झाला की वैद्यकी सोडून मानसशास्त्रातच जन्म काढावा, असे त्याच्या मनात येत राही. पण त्यावर पोट भरण्याची शाश्वती नव्हती. १८७८ मध्ये तो डॉक्टर झाला आणि म्युनिकला बेर्नहार्ड फॉन गुडेन यांच्या हाताखाली वेड्यांच्या इस्पितळात रुजू झाला. गुडेन हे दयाळू डॉक्टर. रुग्णांना साखळदंड घालू नयेत, या मताचे. त्यांचा शेवट मात्र चमत्कारिक झाला. १८८६ मध्ये बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याला त्यांनी प्रत्यक्ष न तपासता वेडा ठरवले आणि काही दिवसांतच राजा व डॉक्टर दोघांचेही मृतदेह तळ्यात सापडले. ही गोष्ट लक्षात ठेवा. न तपासता शिक्का मारण्याच्या मोहाशी पुढे आपली पुन्हा गाठ पडणार आहे.

१८८२ मध्ये क्रेपेलिन लाइपझिगला परतला. तिथल्या नव्या प्रमुखाशी पटले नाही आणि काही महिन्यांत नोकरी गेली. लग्न ठरलेले, हातात पैसा नाही. वुंटने सुचवले, मनोविकारांवर एक छोटे पुस्तक लिही. त्याने ते लिहिले, मन लावून नव्हे, गरज म्हणून. १८८३ मध्ये ते छापून निघाले. चारशे पानांच्या आतले हे पुस्तक पुढे सात वेळा सुधारले गेले आणि चार जाडजूड खंडांचे झाले. त्याच्या हयातीतल्या या आठ आवृत्त्या म्हणजेच खरे तर त्याचे चरित्र. प्रत्येक आवृत्तीत काही मते खोडली जात, नवी येत. १८८४ मध्ये इना श्वाबे हिच्याशी त्याचे लग्न झाले. संसारात दुःखही वाट्याला आले. त्यांची अनेक मुले लहानपणीच गेली.

तिसाव्या वर्षी तो प्राध्यापक झाला, पण दूर डोरपाटला. आज हे गाव एस्टोनियात आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होते. तिथले पुष्कळसे रुग्ण एस्टोनियन बोलत. क्रेपेलिनला ती भाषा येत नव्हती. दुभाषी घेऊन मनाचा आजार ओळखायचा म्हणजे काय, याची कल्पना आपल्याकडच्या कोणत्याही डॉक्टरला येईल. मेळघाटातल्या आदिवासी बाईशी शहरी डॉक्टर बोलू लागला की असेच होते. शब्द पोचत नाहीत. उरते ते डोळ्यांनी पाहणे. माणूस कसा बसतो, कसा चालतो, महिन्यापूर्वी कसा होता आणि आज कसा आहे. क्रेपेलिनची नजर या काळात घडली असणार.

१८९१ मध्ये तो हायडेलबर्गला आला. इथे त्याच्या आयुष्यातले मोठे काम झाले आणि ते झाले साध्या कार्डांवर. प्रत्येक रुग्णासाठी एक कार्ड. नाव, वय, आजार कधी सुरू झाला, काय लक्षणे, काय निदान वाटते. इस्पितळात जागा अपुरी, म्हणून रुग्णांना दुसरीकडच्या आश्रयस्थानात पाठवावे लागे. बहुतेक डॉक्टरांसाठी तिथे गोष्ट संपत असे. क्रेपेलिन मात्र मागोमाग तिकडे जाऊन त्या रुग्णांना पुन्हा पाही आणि कार्डावर पुढची नोंद करी. सुटीवर जातानाही ही कार्डे बरोबर असत. पत्ते पिसावेत तशी ती तो पुन:पुन्हा मांडून पाही.

त्या मांडणीतून त्याला एक गोष्ट उमगली. आज आपल्याला ती साधी वाटेल, पण तेव्हा कुणी नीट हेरली नव्हती. एकाच दिवशी एकाच खोलीत बसलेले, सारखेच बडबडणारे, सारखेच भास होणारे दोन रुग्ण दहा वर्षांनी पाहिले तर अगदी वेगळे असतात. एक पूर्ण बरा होऊन घरी कामाला लागलेला असतो, कदाचित पुन्हा आजारी पडून पुन्हा बरा झालेला असतो. दुसरा हळूहळू विझत गेलेला असतो. म्हणजे आजचे लक्षण म्हणजे आजार नव्हे. आजार कोणत्या वयात आला, कसा चालला आणि कुठे पोचला, हे सगळे मिळून आजार. यातूनच १८९९ च्या सहाव्या आवृत्तीत त्याने ती प्रसिद्ध विभागणी केली. एका बाजूला उन्माद आणि उदासी यांच्या लाटा येणारा विकार, दुसऱ्या बाजूला तरुणपणीच बुद्धी-भावना ओसरत नेणारा विकार. त्याला आज आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो. मनोविकारशास्त्रात त्याने घड्याळ आणले, कॅलेंडर आणले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

वयाकडे त्याचे किती लक्ष होते याची दोन उदाहरणे सांगतो. पहिले सर्वांच्या ओळखीचे आहे. १९०३ मध्ये तो म्युनिकला गेला तेव्हा त्याच्याबरोबर आलोइस अल्झायमर हा सहकारी होता. अल्झायमरने फ्रँकफुर्टला १९०१ मध्ये दाखल झालेली एक ५१ वर्षांची बाई पाहिली होती. एवढ्या कमी वयात तिची स्मृती पार ढासळली होती. ती गेल्यावर १९०६ मध्ये त्याने तिच्या मेंदूत काय दिसले ते मांडले. क्रेपेलिनने १९१० मध्ये आपल्या पुस्तकात त्या आजाराला सहकाऱ्याचे नाव दिले. आज घरोघरी आजी-आजोबांच्या संदर्भात उच्चारले जाणारे अल्झायमर हे नाव असे आले.

दुसरे उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते, कारण त्यात माघार आहे. उतारवयात प्रथमच येणारी खोल उदासी हा अगदी वेगळा आजार आहे, असे क्रेपेलिनचे मत होते. त्याचा तरुण सहकारी ड्रायफुस याने हायडेलबर्गच्या अशा जुन्या रुग्णांचा पुन्हा शोध घेतला आणि १९०७ मध्ये पुस्तक लिहून दाखवले की पुष्कळ जण बरे झाले होते आणि कित्येकांना तरुणपणीही तसे झटके येऊन गेले होते. गुरूचे मत शिष्याने खोडले, तेही गुरूच्याच नोंदी वापरून. क्रेपेलिन रागावला नाही. पुढच्या आवृत्तीत त्याने तो वेगळा आजार उदासी-उन्मादाच्या विकारात विलीन करून टाकला. आपले मत मागे घेणारे किती ज्येष्ठ आपण पाहिले आहेत?

इथवर वाचून वाचकांना वाटेल, असा माणूस स्वभावाच्या प्रश्नावरही बरोबरच असणार. त्याने तो प्रश्न हाताळला जरूर. सातव्या आवृत्तीत त्याने विकृत व्यक्तिमत्त्वांचे वेगळे प्रकरण लिहिले आणि १९१५ मध्ये पूर्ण झालेल्या आठव्या आवृत्तीत त्यांचे सात प्रकार सांगितले. चटकन भडकणारे, कुठेच न टिकणारे, ऊर्मीच्या आहारी जाणारे, विक्षिप्त, खोटारडे व ठक, समाजाशी वैर धरणारे आणि भांडखोर. नावे वाचली की आपल्या ओळखीची दोन-चार माणसे डोळ्यांपुढे येतातच! यातल्या काहींत वाढ अर्धवट राहिलेली असते, मोठ्या देहात पोरपण उरलेले असते, असेही त्याने नोंदवले. धागा हातात होता. वाढ अर्धवट असेल तर ती उशिरा पुरी होणार नाही का, एवढाच पुढचा प्रश्न. पण तो त्याने धसाला लावला नाही. उलट हे दोष जन्मजात, रक्तातून उतरलेले आणि बहुतेक कायमचे, याकडेच त्याचा कल राहिला. इतर रोगांना त्याने काळाचे माप लावले. स्वभावापाशी येताच तो आपल्या म्हणीसारखाच बोलू लागला.

असे का झाले? एक कारण मला माझ्या धंद्यातून कळते. इस्पितळात बसलेल्या डॉक्टरला कोण दिसतो? जो बरा होत नाही, पुन:पुन्हा येतो, तो. जो तिशी-पस्तिशीत सावरला, लग्न करून, दुकान टाकून निवांत झाला, तो कशाला येईल? न सुधारणारे समोर, सुधारलेले अदृश्य. माझीही कित्येक वर्षे अशीच समजूत होती. दुसरे कारण त्याच्या मतांत होते. क्रेपेलिन कडवा राष्ट्रवादी होता. दारूचा कट्टर शत्रू. बिअरच्या म्युनिक शहरात आपल्या रुग्णालयात लिंबू सरबत देतो म्हणून त्याची चेष्टा होई. त्याची ती शिस्त स्पृहणीय होती. पण शिस्तीत न बसणारा माणूस म्हणजे वंशाचा ऱ्हास, हा विचारही त्याच शिस्तीबरोबर आला. जर्मनी युद्ध हरला, १९१८-१९ मध्ये म्युनिकमध्ये क्रांती झाली, तेव्हा त्या क्रांतीच्या पुढाऱ्यांत विकृत व्यक्तिमत्त्वाची माणसे भरली आहेत, असे त्याने लिहिले. ज्यूंबद्दलही त्याने अनुदार लिहिले. आणि १९१७ मध्ये त्याने म्युनिकला मनोविकारांची जी संशोधनसंस्था काढली, तिला मोठा आधार मिळाला तो जेम्स लोएब या त्याच्या एकेकाळच्या रुग्णाचा, एका ज्यू धनिकाचा. निदानाचे शब्द राजकारणात उतरले की काय होते, ते त्याच्या मृत्यूनंतर दिसले. त्याचा शिष्य एर्न्स्ट र्‍यूडिन याने १९३३ च्या सक्तीच्या नसबंदीच्या नाझी कायद्यावर अधिकृत भाष्य लिहिण्यात भाग घेतला. त्या कायद्याखाली सुमारे ४ लाख माणसांची नसबंदी झाली. त्यात स्किझोफ्रेनिया, उन्माद-उदासी, फिट्स आणि मंदबुद्धी असे शिक्के बसलेले हजारो होते. हे पाप क्रेपेलिनच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तो ७ ऑक्टोबर १९२६ रोजीच गेला होता. पण माणूस बदलत नाही, या समजुतीच्या वाटेने किती लांब जाता येते, हे त्यातून कळते.

त्याच्या पश्चात दुसऱ्यांनी त्याचीच रीत स्वभावाला लावली. अमेरिकेत सेंट लुईसच्या ली रॉबिन्स या बाईंनी बालमार्गदर्शन केंद्रात आलेल्या ५२४ मुलांचा तीस वर्षांनी शोध घेतला आणि १९६६ मध्ये निष्कर्ष छापले. समाजाशी वैर धरणाऱ्या प्रौढांच्या बालपणी बहुधा तशा खुणा असतात, पण तशा खुणा असलेली बहुतेक मुले मोठेपणी तशी होत नाहीत. उलट वाचले की म्हण उलटी होते! पुढे बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात १९९२ पासून बॉर्डरलाइन म्हणजे भावनांचा तोल सारखा सुटणाऱ्या २९० रुग्णांवर नजर ठेवली गेली. ही सगळी रुग्णालयात दाखल झालेली, म्हणजे अवघड माणसे. दहा वर्षांत त्यांतल्या ९३ टक्के जणांची लक्षणे निदान दोन वर्षे ओसरलेली राहिली. माँट्रियलला २७ वर्षांनी अशाच रुग्णांना गाठले तेव्हा पन्नाशीच्या आसपास असलेल्या ६४ जणांपैकी केवळ ८ टक्क्यांत तो विकार उरला होता.

मात्र ही बातमी नुसती गोड नाही, ती पूर्ण सांगितली पाहिजे. मॅक्लीनच्या रुग्णांत लक्षणे गेली तरी काम आणि माणसे दोन्ही सावरली ती निम्म्यांचीच. माँट्रियलच्या मूळ रुग्णांपैकी दहातल्या एकाने मधल्या काळात आत्महत्या केली होती. वय औषधासारखे काम करते, पण त्या वयापर्यंत पोचायला हवे. वार्डात तरुणांमध्ये असे रुग्ण जास्त आणि वृद्धांमध्ये कमी दिसतात, त्याचे एक कारण सुधारणा, दुसरे हे मृत्यू. शिवाय सगळे स्वभाव सारखे निवळत नाहीत. भडकणे, स्वतःला इजा करणे, मारामारी हे वयाबरोबर उतरते. संशय, एकलकोंडेपणा, काटेकोरपणाचा हट्ट हे बहुधा टिकतात, कधी वाढतात. तरुणपणी नोकरीच्या धबडग्यात झाकलेला हट्ट निवृत्तीनंतर घरात येऊन बसतो, सोबतीण किंवा सोबती गेल्यावर तर तो उघडाच पडतो. आणि काही जुनी लक्षणे नवे कपडे घालून येतात. हातावर ब्लेड न मारता म्हातारा माणूस जेवण किंवा गोळ्या नाकारतो.

आणखी एक गोष्ट कुटुंबांनी पक्की लक्षात ठेवावी. स्वभावाचा विकार साठाव्या वर्षी अचानक उगवत नाही. शांत वडील एकाएकी शिवराळ झाले, हिशेबी आई उधळी किंवा बेपर्वा झाली, तर साठी बुद्धी नाठी म्हणून सोडून देऊ नका. तो स्मृतिभ्रंशाचा, मेंदूच्या पुढच्या भागाच्या ऱ्हासाचा, अर्धांगाचा किंवा उदासीचा आजार असू शकतो आणि त्याची तपासणी करायला हवी. हा धडाही क्रेपेलिनचाच. प्रत्येक लक्षणाच्या शेजारी वय लिहा.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली नवी वर्गवारी पाहिली तर या म्युनिकच्या डॉक्टरचे सात प्रकार तिच्यात नाहीत. आधी विकार किती तीव्र आहे, सौम्य, मध्यम की गंभीर, एवढे पाहायचे. तीव्रता म्हटली की ती कमी-जास्त होणार हे ओघाने आलेच. क्रेपेलिन आज असता तर मला वाटते त्याने आपली कार्डे पुन्हा पिसली असती आणि नवी आवृत्ती काढताना ते प्रकरण नव्याने लिहिले असते. ड्रायफुसने दाखवले तेव्हा तो ऐकला होता.

हायडेलबर्गच्या टेकडीवरच्या स्मशानभूमीत तो विसावला आहे. त्याच्या कार्डांची युक्ती मात्र मी थोड्या वेगळ्या कामाला लावली. ती आई समोर बसून विचारते तेव्हा मी सांगतो, हा तुमचा मुलगा आज जसा आहे तसा तो चाळिशीत बहुधा नसेल. पण मधली वर्षे तुम्हाला आणि मला मिळून काढायची आहेत. मरणाची भाषा निघाली तर ती नाटक समजू नका. घरात धारदार वस्तू आणि जास्तीच्या गोळ्या हाताशी ठेवू नका. बोलण्याचा उपचार, म्हणजे नियमाने येऊन भावना आवरायला शिकणे, याचा खरा उपयोग होतो, तो अर्धवट सोडू नका. आणि घरात कुणी म्हणाले की जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, तर त्याला सांगा, डॉक्टरांनी कार्डावर अजून शेवटची नोंद केलेली नाही.